वैशाखातली तेवीस अंडी

"भाऊ, यातली कोणती घिऊ तेवढं सांगा. सगळ्यात जुनं अंडं आज सात दिवसाचं झालं."

दुर्गाबाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. सकाळचे दहा वाजले होते आणि ओसरीवरची फरशी आत्ताच चटके देत होती. त्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्यामागे त्यांची सून रेखा उभी होती. दोघी सहा किलोमीटरवरच्या खेड्यातून ऑटोनं संग्रामपूरला आल्या होत्या, फक्त हा प्रश्न विचारायला.

मोबाईलवर तीन फोटो होते. पहिला थर्माकोलच्या डब्याचा, आत एक साधा बल्ब. दुसऱ्यात पारदर्शक घुमटासारखं झाकण, निळा लाईट, आणि खाली लिहिलेलं, 'फुल्ली ऑटोमॅटिक, शंभर टक्के पिल्लं'. तिसरं मशीन कपाटाएवढं होतं. ते त्यांच्या घराच्या दारातून आत गेलं नसतं.

मी एकतीस वर्षं हॅचरीत नोकरी केली. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. शेवटची नऊ वर्षं मॅनेजर होतो. रिटायर होऊन गावी आलो तेव्हापासून लोक मला इन्क्युबेटरबद्दल विचारतात. इन्क्युबेटर म्हणजे कोंबडीऐवजी अंडी उबवणारी पेटी. माझं उत्तर ठरलेलं असतं. वीस-पंचवीस अंड्यांसाठी मशीन घेऊ नका. कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंड्यांवर बसून राहायला लागली, की तिच्याखाली अंडी ठेवा. तिला बटण नाही, बॅटरी नाही, आणि ती बिघडत नाही.

तेच मी दुर्गाबाईंना म्हणालो.

"कोंबडीच नाई राह्यली भाऊ," त्या म्हणाल्या. "एकबी नाई."

मग रेखानं सांगितलं. तीन दिवसांपूर्वी घरचे सगळे जळगाव जामोदला लग्नाला गेले होते. गावात कुत्र्यांचा त्रास, म्हणून निघताना दुर्गाबाईंनी अकरा कोंबड्या आणि कोंबडा खुराड्यात कोंडला. खुराडं टिनाचं. सावली होती, पण ती सकाळची. दुपारी ऊन फिरलं. आत ठेवलेलं पाण्याचं भांडं कोंबड्यांच्या धडपडीत उलटलं असावं. संध्याकाळी पाच वाजता दार उघडलं तेव्हा सगळ्या एकमेकींवर पडलेल्या होत्या.

"माह्याच हातानं कडी घातली," दुर्गाबाई म्हणाल्या. रडल्या नाहीत. नुसता हात पुढे करून दाखवला, जणू कडी अजून त्या हातात आहे.

त्या कोंबड्या साध्या नव्हत्या. उलट्या पिसांच्या होत्या. आपल्याकडे अशी कोंबडी क्वचित दिसते. तिची पिसं अंगाला चिकटून न बसता बाहेरच्या बाजूला वळतात, वाऱ्यात उभी राहिल्यासारखी दिसते. दुर्गाबाई पहिल्या बाळंतपणाहून सासरी परतल्या तेव्हा त्यांच्या आईनं डालग्यात घालून दोन कोंबड्या दिल्या होत्या. ती पैदास चाळीस वर्षं त्यांच्या अंगणात चालली होती. नवसासाठी असा कोंबडा मागायला लांबून लोक यायचे. बाईंनी एकदाही दिला नाही.

आता त्या पैदाशीची तेवीस अंडी तेवढी उरली होती.

"गावात दुसऱ्या कोणाची कोंबडी खुडूक नाही का?"

"वैशाखात कोण खुडूक बसते भाऊ? सारं गाव पाह्यलं. अंडे देणंच कमी झालं कोंबड्याचं."

मी विचारलं, अंडी कुठे ठेवली आहेत? मला उत्तराची भीती होती. अंडं थंड राहिलं तर आतला जीव झोपून राहतो. चोवीस-पंचवीस डिग्रीच्या वर गेलं की तो अर्धवट जागा होतो, थोडा वाढतो, आणि मरतो. त्या आठवड्यात आमच्याकडे घरातसुद्धा अडतीस-चाळीस होतं.

"रांजणाखाली," रेखा सासूकडे बघत म्हणाली. "आमच्या आत्याबाई पह्यल्यापासून तिथंच ठेवतात. रांजण पाझरते, खालची रेती वली राह्यते. रेतीत फडकं, फडक्यात अंडे."

मी उठलो आणि आत जाऊन थर्मामीटर घेतलं. हॅचरीतलं माझं जुनं पाऱ्याचं थर्मामीटर, रिटायर होताना मागून घेतलेलं. त्यांच्याबरोबरच ऑटोत बसलो. रांजणाखालच्या ओल्या रेतीत ते खुपसलं आणि पाच मिनिटं थांबलो. पंचवीसला एक रेघ कमी.

आमच्या हॅचरीत याच कामासाठी एसीची वेगळी खोली होती.

"घेऊ मशीन," मी म्हणालो. "उद्या खामगावला जाऊ."

खामगावच्या दुकानात सहा-सात प्रकारची मशीनं मांडून ठेवली होती. रेखा माझ्याबरोबर आली होती. दुर्गाबाई अंड्यांपासून हलायला तयार नव्हत्या. पण निघताना रेखाच्या कानात त्यांनी सांगितलं होतं की निळ्या लाईटचं बघ. दुकानदारानंही तेच पुढे केलं.

"साहेब, हे घ्या. याच्यात काही पाहाच लागत नाही. अंडे ठेवा, विसरून जा."

"पंखा कुठे आहे यात?"

"पंखा?"

थर्माकोलच्या डब्यात किंवा असल्या घुमटात पंखा नसेल तर गरम हवा वर जमते आणि खाली थंड राहते. एकाच पेटीत एक अंडं भाजतं, दुसरं गारठतं. पंखा हवा ढवळतो. घरगुती मशीन घेताना मी सगळ्यात आधी पंखा बघतो. मग बघतो बॅटरीची वायर जोडायला जागा आहे का, कारण आमच्याकडे लाईट विचारून जात नाही. मग पाणी बाहेरून भरता येतं का. आतली हवा दमट ठेवायला पाणी लागतं, आणि पाण्यासाठी दर वेळी झाकण उघडलं तर तोच ओलावा बाहेर जातो. अंडी आपोआप फिरवणारा ट्रे असला तर बरं. कोंबडी दिवसभरात चोचीनं अंडी कितीतरी वेळा फिरवते. न फिरवल्यास आतलं पिल्लू कवचाच्या पडद्याला चिकटतं.

डिस्प्ले, लाईट, रिमोट, यांचा पिल्लांशी संबंध नसतो.

छत्तीस अंड्यांचं एक चौकोनी, दिसायला अगदी मठ्ठ मशीन कोपऱ्यात होतं. पंखा होता, बॅटरीची जागा होती, पाण्याची नळी बाहेर होती.

"हे चालू करून दाखवा. एक तास."

"साहेब, कंपनी पॅक आहे. चालूच असते."

"कंपनी पॅक म्हणजे तुम्हीही बघितलेलं नाही."

तो हसला आणि त्यानं खोकं फोडलं. तासाभरात डिस्प्लेवर सदतीस पॉईंट सात आलं. अंडी उबवायला साधारण तेवढंच लागतं, साडेसदतीसच्या आसपास. मी माझं थर्मामीटर आत ठेवलेलं होतं. त्यात पारा एकोणचाळीसवर गेला होता.

"तुमचं थर्मामीटर जुनं हाये साहेब," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच विश्वास आहे."

त्यानं दुसरं खोकं फोडलं. त्यातल्या मशीनमध्ये फरक अर्ध्या डिग्रीचा निघाला. तेवढा सेटिंगमध्ये दुरुस्त करता येतो. ते घेतलं. रेखानं परतीच्या बसमध्ये ते खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन पुढच्या खोलीत रिकामंच चालू केलं. आधी एक दिवस रिकामं चालवायचं हा नियम. दुर्गाबाईंचा जीव वरखाली होत होता, अंडी म्हातारी होत होती, पण मी ऐकलं नाही. सकाळी पारा बरोबर साडेसदतीसला थांबला. दुपारी दीड वाजता साडेअडतीस. तीन वाजता चाळीस. हीटर केव्हाच बंद झाला होता, तरी पारा चढत होता.

एवढी वर्षं या धंद्यात असून ही साधी गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. हॅचरीतल्या मशीनला थंड पाण्याच्या नळ्या असतात. हे घरगुती मशीन फक्त तापवू शकतं. बाहेर बेचाळीस असेल तर ते काय करणार? त्या टिनाच्या छताच्या खोलीत अंडी ठेवली असती तर एका दुपारीत तेवीसच्या तेवीस उकडली असती. कोंबड्या गेल्या तशीच.

दुर्गाबाई पाऱ्याकडे बघत होत्या. त्यांना अंक नीट वाचता येत नव्हते, पण माझा चेहरा वाचता येत होता.

"थंडी जागा पायजे का?"

"हो. पण हवा खेळती हवी. अंड्यालाही श्वास लागतो."

"मंग चाला."

स्वैपाकघराच्या मागे त्यांची जुनी बळदाची खोली होती. बळद म्हणजे धान्य साठवायची अंधारी खोली. मातीच्या दोन हात जाड भिंती, वर माळवद, उंचावर एक झरोका. आत दोन पोती ज्वारी आणि मोडका पाळणा. मी थर्मामीटर टांगलं. बाहेर चाळीसच्या वर असताना आत तेहतीस होतं. झरोक्याला रेखानं ओलं पोतं बांधलं, ते एकतीसवर आलं.

मशीन त्या ज्वारीच्या पोत्यांच्या शेजारी स्टुलावर बसवलं. गावात खारं पाणी, ते ट्रेमध्ये भरलं की मिठाची खपली धरते, म्हणून पिण्याच्या कॅनचं पाणी भरायचं ठरवलं. गावरान अंडी लहान, ट्रेची घरं मोठ्या अंड्यांची, त्यामुळे अंडी खुळखुळत होती. रेखानं वर्तमानपत्राच्या पट्ट्या दुमडून बाजूला लावल्या. संध्याकाळी दुर्गाबाईंनी एक-एक अंडं दोन्ही हातांनी ठेवलं. तेविसावं ठेवल्यावर झाकणावर हळदीचं बोट लावलं. मी म्हणालो, "सेन्सरवर नका लावू." तेवढाच माझा त्या पूजेत भाग.

सातव्या दिवशी कँडलिंग करायचं होतं. अंधारात अंड्यामागे लाईट धरून आत काय चाललं आहे ते पाहतात, त्याला कँडलिंग म्हणतात. हॅचरीत मी हे लाखो अंड्यांचं केलं असेल. तिथं अंडी ट्रेनं येतात, लाईटवरून सरकतात, रिकामी दिसतील ती उचलून टाकायची. एका अंड्याला एक सेकंदही मिळत नाही.

बळदात अंधार होताच. रेखानं मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठा लावून त्याला भोक पाडलं होतं. मी पहिलं अंडं त्यावर धरलं. स्वच्छ, पिवळसर. रिकामं. दुसरंही रिकामं.

तिसरं धरलं आणि ते आतून लाल झालं.

बारीक लाल शिरांचं जाळं पसरलं होतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. मध्ये एक काळा ठिपका. ठिपका म्हणजे डोळा. बघता बघता तो सगळा आकार हलला, एकदा इकडे, एकदा तिकडे, पाळण्यात टाकल्यासारखा.

"हालून राह्यलं," रेखा हळूच म्हणाली.

दुर्गाबाई खाली वाकल्या. त्यांचं नाक अंड्याला टेकेल इतक्या जवळ. चाळीस वर्षं त्यांनी कोंबड्या बसवल्या, पिल्लं काढली, विकली, वाढवली. पण कोंबडीखाली बंद कवचात काय घडतं ते कधी पाहिलं नव्हतं.

"हे असं असते आत?" त्या म्हणाल्या. "एवढूशा डोयानं ते पाहून राह्यलं आपल्याले?"

मी म्हणायला हवं होतं की सातव्या दिवशी त्याला दिसत नाही. म्हणालो नाही. कारण मीही तो ठिपका बघत होतो, आणि एकतीस वर्षांत एकाच अंड्याकडे इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं. सगळी तपासायला पाऊण तास लागला. चार रिकामी, एकात जीव धरून सुटलेला. अठरा जिवंत.

सतराव्या दिवशी संध्याकाळी वावटळ उठली. पाऊस नाही, नुसतं धुळीचं वादळ. आमच्या बाजूचे विजेचे खांब पडले, रस्त्यावर बाभळी आडव्या झाल्या. मी संग्रामपुरात अडकलो. रेखाचा फोन आला.

"भाऊ, लाईट गेली."

"फवारणीच्या पंपाची बॅटरी आहे ना घरी?"

"घरची एक, शेजारची एक मिळन."

बॅटरी मशीनला जोडली तर हीटरसह ती दोनेक तासांत संपली असती. पण सतराव्या दिवशी पिल्लं मोठी झालेली असतात, त्यांच्या अंगातूनच ऊब निघते. त्यांना उबेपेक्षा हवेची गरज जास्त. मी सांगितलं, सेटिंग खाली आणा. म्हणजे हीटर लागणार नाही, नुसता पंखा चालेल. वरून वाकळ टाका, पण हवेची भोकं उघडी ठेवा. थर्मामीटर बघत राहा. पारा छत्तीसच्या खाली गेला तर थोडा वेळ हीटर चालू करा, अडतीसच्या वर गेला तर झाकण उचला.

ती हो म्हणाली, आणि तिचा फोन बंद पडला. चार्जिंग संपलं होतं. पुढे काय होत आहे ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

सकाळी सात वाजता मी बाभळींमधून मोटारसायकल काढत पोचलो. लाईट आलेली नव्हती. बळदात दुर्गाबाई मशीनशेजारी पोत्याला टेकून बसल्या होत्या. मशीनवर वाकळ. पंखा अजून फिरत होता.

"पारा किती गेला होता?"

"मोबाईल बंद झाला भाऊ, मंग त्या काचंतलं कोणाले दिसते? चिमणीच्या उजेडात काई वाचता येना."

"मग?"

"डोयाले लावलं."

मला कळलं नाही. त्यांनी वाकळ बाजूला केली, झाकण जरासं उचललं, एक अंडं काढलं आणि मिटलेल्या पापणीवर टेकवलं. क्षणभर थांबल्या.

"हे बराबर हाये." ते ठेवलं, कडेचं दुसरं घेतलं. पापणीला लावलं. "हे जरा थंडं. याले मधात घेतो." आणि त्यांनी दोघांच्या जागा बदलल्या. अंधार पडल्यापासून हेच चाललं होतं. थंड वाटलं की रेखा हीटर लावायची, कोमट झालं की बंद करायची.

मी थर्मामीटर काढलं. आधी त्यांनी बरोबर म्हटलेल्या अंड्याला चिकटवून वाकळीनं झाकलं. सदतीस पॉईंट चार. मग थंड म्हटलेल्याला. छत्तीस पॉईंट सहा.

मी त्यांना ते दोन्ही अंक सांगितले. त्यांना विशेष काही वाटलं नाही. "पोराच्या तापाचं नाई का समजत हात लावून," एवढंच म्हणाल्या. अर्ध्या डिग्रीसाठी मी कंपनीकडून सेन्सर बदलून घेत असे. इथं एक बाई पाऊण डिग्रीचा फरक पापणीनं सांगत होती, तोही रात्रभर तिथंच बसून जागल्यावर.

नऊ वाजता लाईट आली.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करतात आणि ओलावा वाढवतात. पिल्लू आता तोंड फिरवून बाहेर पडायच्या तयारीला लागलेलं असतं. हॅचरीत या वेळी अंडी दुसऱ्या मशीनमध्ये जातात, त्याचं नाव हॅचर. हॅचरचं दार बंद झालं की ते थेट सगळी पिल्लं निघाल्यावरच उघडतं. मी नवीन असताना एकदा दार किलकिलं केलं होतं. आमचे तेव्हाचे मॅनेजर मागे येऊन उभे राहिले. "इंगळे, काय बघताय?" "पिल्लू कसं निघतं ते, साहेब." "लावा दार. पिल्लांना प्रेक्षक लागत नाहीत." मी दार लावलं. पुढे मी मॅनेजर झालो आणि दुसऱ्यांना तेच सांगत राहिलो. म्हणजे माझ्या हाताखालून किती पिल्लं गेली याचा हिशेब नाही, पण एकही कवचातून बाहेर येताना मी पाहिलेलं नव्हतं.

विसाव्या दिवशी संध्याकाळी दुर्गाबाईंचा फोन आला. "भाऊ, बोलून राह्यले."

मी गेलो. मशीनला कान लावला. आतून अगदी बारीक चिवचिव येत होती, आणि अजून एकाही कवचाला तडा नव्हता. एक थांबलं की दुसरं बोले. बंद अंड्यांतून ती एकमेकांना साद घालत होती. पुस्तकात मी हे वाचलं होतं. हॅचरच्या पंख्यांच्या आवाजात कधी ऐकू आलं नव्हतं.

सकाळी सहाला परत गेलो. सात अंड्यांना टोचे पडले होते. मी दुसरं स्टूल ओढून झाकणाच्या काचेसमोर बसलो आणि बघायला एक अंडं निवडलं. त्याच्यावरून नजर काढायची नाही असं ठरवलं.

आतून एक टोच. मग बराच वेळ काही नाही. पिल्लू थकतं, झोपतं. पुन्हा टोच. पिल्लाच्या चोचीवर एक बारीक कडक टोक असतं, फक्त या एका कामासाठी, नंतर ते गळून जातं. टोचत टोचत ते कवचाच्या आत गोल फिरतं आणि डब्याचं झाकण कापावं तशी रेघ ओढतं. अडीच तास लागले. शेवटी रेघेची दोन्ही टोकं जुळायला आली, आतून पायांचा एक रेटा, दुसरा रेटा, आणि टोपी उघडली. एक ओलं, कुरूप, सगळ्या अंगानं धापा टाकणारं पिल्लू ट्रेवर पडलं. त्यानं मान उचलली. पडली. परत उचलली.

रेखानं मागून विचारलं, "भाऊ, चहा ठेऊ?" मी नजर न काढता नुसता हात हलवला.

दुपारपर्यंत चौदा निघाली. तीन अंडी गप्प होती, ती गपच राहिली. चार दिवसांपूर्वीच्या वादळाचा तो फटका असेल, किंवा नसेलही. अठरावं अंडं अडकलं होतं. पहाटे टोचा पडला, दोन वाजले तरी पुढे नाही. फटीतून पडदा दिसत होता. पांढरा हवा, तो वाळून तपकिरी झाला होता. आतून चोच हलत होती, आवाज कमी होत चालला होता.

"याले काढा भाऊ," दुर्गाबाई म्हणाल्या.

"नाही. हात लावायचा नाही."

"काऊन?"

"नियम आहे. जे स्वतः निघत नाही ते जगत नाही. हात लावला तर रक्त वाहून मरतं."

"नाई लावला तं?"

हॅचरीत अशी अंडी वेगळ्या क्रेटमध्ये जातात आणि क्रेट बाहेर जाते. तिथं अठरा अंडी नसतात, हजारो असतात. एकासाठी कोण थांबणार?

दुर्गाबाई उठल्या. "तुमी ढिगानं काढले भाऊ. म्या एक-एक काढलं. तुमचं खोटं नाई. पण याचा पडदा वाळला म्हणून ते फसलं, कमजोर हाये म्हणून नाई."

त्यांनी वाटीत कोमट पाणी घेतलं. कापसाचं टोक भिजवून तो पडदा ओला केला. नखानं कवचाचा तिळाएवढा तुकडा काढला. थांबल्या. परत पाणी. परत तुकडा. एके ठिकाणी लाल रेघ दिसली, तिथं लगेच हात काढून घेतला, अंडं मशीनमध्ये ठेवलं. "रगत मांगं जाऊ द्या." वीस मिनिटांनी परत काढलं. रेघ नाहीशी झाली होती. पुन्हा कापूस, पुन्हा नख. असं दीड तास. शेवटी त्यांनी अर्धं कवच तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, "आता याचं यानं निंघावं." अर्ध्या तासानं ते निघालं. उभं राहता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इतरांबरोबर तांदळाची कणी टिपत होतं.

एकतीस वर्षांत किती क्रेट बाहेर गेल्या, हा विचार मी त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत केला. पुढे केला नाही.

पंधरा पिल्लं. पण काम अजून झालं नव्हतं. उलट्या पिसांचं पिल्लू जन्मतः वेगळं दिसत नाही. सगळी सारखीच मऊ लोकरीची. शिवाय या वेळी खुराड्यातला कोंबडा साध्या पिसांचा होता, म्हणजे साधारण निम्म्याच पिल्लांत ते उतरणार, आणि नशीब खोटं असेल तर एकातही नाही. मी हे आधीच सांगितलेलं होतं. दुर्गाबाई रोज सकाळी एक-एक पिल्लू उचलून त्याचे पंख उजेडात धरायच्या. अकरा दिवस काहीच नाही.

बाराव्या दिवशी फोन आला. पलीकडे नुसती पिल्लांची चिवचिव.

"हॅलो, दुर्गाबाई?"

"उलटले भाऊ," त्या म्हणाल्या. "पख उलटले. सहा हायेत." मग त्या रडल्या. कोंबड्या मेल्याचं सांगताना, मशीन तापलं त्या दिवशी, वादळात, कधीच रडल्या नव्हत्या.

मी जाऊन पाहिलं. सहा पिल्लांच्या पंखांची नवी पिसं टोकाशी बाहेर वळली होती, जेमतेम दिसतील एवढी. ज्याला त्यांनी नखानं काढलं ते साध्या सरळ पिसांचं निघालं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते सगळ्यात आधी हातावर येत होतं.

आता त्या अंगणात परत कोंबड्या आहेत. खुराड्याला टिनाऐवजी तुराट्यांचं छप्पर आहे आणि दिवसा त्याला कडी लागत नाही. मशीन त्यांनी धुऊन, फडक्यात बांधून बळदात ठेवलं आहे. पुढच्या वेळी कोंबडीच बसवणार असं म्हणतात. माझा सल्ला पहिल्या दिवसापासून तोच होता, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

मला अजून फोन येतात, कोणतं इन्क्युबेटर घेऊ म्हणून. मी तीन प्रश्न विचारतो. दुपारी तीन वाजता खोलीत किती तापतं? लाईट जास्तीत जास्त किती वेळ जाते? आणि एकवीस दिवस मशीनजवळ घरातलं कोण बसणार? पहिल्या दोन प्रश्नांना लोक उत्तरं देतात. तिसऱ्याला म्हणतात, "साहेब, मशीन त्याच्यासाठीच तर घेतोय." मी त्यांना बाजारातून पिल्लं विकत घ्यायला सांगतो.

क्वचित एखादा माणूस तिसऱ्या प्रश्नाला नाव सांगतो. मग कोणतं मशीन घ्यायचं ते दहा मिनिटांत ठरतं.